सांगवीहून पुण्याची वेस

हातातलं घड्याळ काढून ठेवा. बूटही इथेच राहू देत, आज त्यांचा उपयोग नाही. तुम्ही जुन्या सांगवीत मुळेच्या काठावर उभे आहात, पण औंधकडे जाणारा पूल अजून व्हायचा आहे आणि मागे नवी सांगवी नाही. १९१९ चा हिवाळा आहे. कोंबडं आरवायला अवकाश आहे. नदीवर धुकं उतरलंय. काठावर तुराट्यांची शेकोटी पेटली आहे आणि तिच्याभोवती घोंगड्या पांघरलेले चौघे तळवे शेकत बसलेत.

‘जिमखान्याचं का, पाव्हणं?’ थोरला विचारतो.

‘नाही, नुसती सोबत म्हणून आलोय.’

‘मग चला की. सोबत असली की वाट सरती.’

घोंगड्या बाभळीवर टाकून सगळे पाण्यात उतरतात. पाणी गुडघ्याएवढंच, पण पलीकडे औंधच्या रानात चढेपर्यंत तुमची पावलं बधिर झालेली असतात. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी आहे. पायवाटेवरच्या दवानं पोटऱ्या भिजतात. आजची फेरी मोठी आहे: औंध, गणेशखिंड, भांबुर्डा, डेक्कन जिमखाना, संगम, खडकी, दापोडी आणि परत सांगवी. तेरा-चौदा मैल तरी होतील. तुमच्या काळात या वाटेवर शहर कुठे संपतं ते दाखवता येत नाही. आज शहर मुठेपलीकडे, पेठांमध्ये आहे, आणि तुम्ही त्याच्या वेशीबाहेरून पळणार आहात.

पहिल्या मैलात तुम्ही पुढे जायला बघता. थोरला हाक मारतो, ‘दमानं घ्या. बोलता आलं पायजे, तवा पळणं.’ लांब अंतर धावणाऱ्यांना आज प्रशिक्षक हेच शिकवतात. बोलताना वाक्य तुटलं की वेग जास्त झाला. इथे कुणी शिकवलेलं नाही. खडकीच्या छावणीत दूध घालणारी, बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परतणारी ही माणसं आहेत. त्यांची पावलं आखूड पडतात, आवाज जवळजवळ होत नाही. पाय शरीराच्या खालीच टेकतो, पुढे फेकला जात नाही. अनवाणी माणसाला टाच आपटून खडीवर धावताच येत नाही.

सगळ्यात धाकटा मधूनच खोकतो. मागच्या वर्षी मानमोडीची साथ आली, तेव्हा त्याच्या घरातली दोन माणसं गेली, तो उठला. अंथरुणातून उठल्यावर विहिरीपर्यंत जातानाही धाप लागायची. आता तो औंधचा चढ गप्पा मारत चढतो. त्याच्यासाठी बाकीचे न सांगता वेग कमी करतात, आणि त्याला ते कळू देत नाहीत.

गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्याचा मनोरा उजळायला लागतो. तुमच्या लेखी हे विद्यापीठ. यांच्या लेखी पावसाळ्यात लाटसाहेब येऊन राहतात ती जागा. पुढच्या रस्त्यावर बोलणं आपोआप थांबतं. २२ जून १८९७ च्या रात्री याच रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. ‘चाफेकर आपल्या पवनेकाठचे,’ थोरला म्हणतो, ‘चिंचवडचे.’ एवढंच. त्या भावांना फाशी होऊन वीसच वर्षं झाली आहेत. इथे ती अजून बातमी आहे, इतिहास झालेली नाही.

भांबुर्ड्याच्या शेतांतून जिमखान्यावर येईपर्यंत ऊन पडलेलं असतं. १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना निघाला तो असाच गावाबाहेर, मोकळ्या रानात. इथे चौघेही थांबतात आणि मैदानाकडे बघतात. याच वर्षी जिमखान्याच्या शर्यतींत सुमारे पंचवीस मैलांची एक दौड होती. तिला मॅरेथॉन म्हणत होते. धावले ते दख्खनचे शेतकरी, अनवाणी, कडक रस्त्यावर, कुठल्याही तालमीशिवाय. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा ते बघत होते. पहिल्या काही जणांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या वेळांशी तोलता येतील अशा होत्या, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि या माणसांना ऑलिंपिकला पाठवायचं त्यांनी मनावर घेतलं. गव्हर्नर लॉईडनी त्यांना साथ दिली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, यांना नाही. येत्या उन्हाळ्यात सहा जण बोटीनं अँटवर्पला जातील. २२ ऑगस्ट १९२० ला बेळगावचा फडेप्पा चौगुले तिथे ४२.७५ किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरी करेल आणि एकोणिसावा येईल. ऑलिंपिकमधली सर्वांत लांब मॅरेथॉन तीच. एकोणिसावा म्हणून तो आपल्या आठवणीतून निसटला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. देशाच्या ऑलिंपिकची सुरुवात ज्यांच्या पायांवर झाली, त्यांच्यातला तो होता.

मुठेच्या काठानं संगमापर्यंत उजव्या हाताला पेठांचा धूर आणि घाटावरची धुणी दिसतात. बोलणं पोरीच्या लग्नावरून बैलाच्या किमतीवर आणि तिथून हुरड्यावर जातं. पाय दुखायला लागलेत, पण दुसऱ्याची गोष्ट अर्धी राहिली असताना थांबता येत नाही.

खडकीच्या माळावर तुम्ही दापोडीकडे तोंड करून धावता. ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीच्या लढाईत, इंग्रज कॅप्टन फोर्डची पलटण इथेच उलट्या दिशेनं, दापोडीहून खडकीकडे आली होती. तिच्यावर चालून गेलेले पेशव्यांकडचे मोरो दीक्षित लढाईपूर्वी फोर्डचे स्नेही होते. त्या दुपारी ते पडले आणि पेशवाई मोडायला सुरुवात झाली. फोर्डचा दापोडीतला बंगला पुढे गव्हर्नर माल्कमनं घेतला, तिथे सरकारी वनस्पती बाग झाली. १८४० च्या दशकाच्या शेवटी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकारानं तिथल्या रोपांची चित्रं काढली. ती आज एडिंबरोत आहेत, चित्रकाराचं नाव मात्र कुठेच नाही.

पूल ओलांडून दापोडी. पवना मुळेला मिळते तिथे सगळे बसतात. फडक्यातून भाकरी, ठेचा आणि गूळ निघतो. इतका वेळ कमी बोललेला एक जण आता बोलतो. तो मुळशी पेट्यातला, सांगवीत मामाकडे राहतो. गावाकडे मोजणीची माणसं फिरताहेत, शेतात खुंट्या ठोकताहेत. विजेसाठी धरण व्हायचंय म्हणतात.

तेही टाटांचंच काम. ज्या घरानं अनवाणी शेतकऱ्याला अँटवर्पला नेलं, त्याच घराच्या कंपनीनं याच मुळेच्या वरच्या अंगाला शेतकऱ्याची जमीन घेतली. मी दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो, कारण त्या एकाच वेळी आणि एकाच नदीवर घडत होत्या. रामनवमीला, १६ एप्रिल १९२१ ला, मुळशीचा सत्याग्रह उभा राहील. सेनापती बापट तुरुंगात जातील आणि तरी धरण होईल. आज सकाळी चतुःशृंगीच्या ज्या डोंगराजवळून तुम्ही पळालात, त्याच्या पायथ्याच्या रस्त्याला पुढे बापटांचं नाव मिळणार आहे. आत्ता तिथे नुसती गवताची कुरणं आहेत.

धाकटा ठेच्यानं वाहणारं नाक पुसत विचारतो, ‘म्होरल्या खेपेला कुठं?’

‘आळंदी,’ थोरला म्हणतो.

‘आळंदीला कवाबी जाता येतंय,’ मुळशीचा गडी म्हणतो. ‘पौडाच्या वाटेनं चला. माझं गाव दावतो. रातीला तिथंच ऱ्हाऊ.’

अंतर मोजलं जातं, एवढ्या लांब जायचं तर धाकट्याला झेपेल का यावर थोडी हुज्जत होते, धाकटा चिडतो. मग तुमच्याकडे बघून थोरला विचारतो, ‘येताय न्हवं?’

तुम्ही हो म्हणता.