दुर्बिणींची पोहोच

विश्वाचा किती भाग, आणि म्हणून किती जुना काळ, दुर्बिणींच्या टप्प्यात येतो याचे मान. प्रकाशाला वाटचालीस वेळ लागतो, त्यामुळे जे लांबचे ते जुने दिसते. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात. अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना दिसणारी देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे.

मापन : अतिदूरच्या दीर्घिकेची ताम्रसृती मोजतात व तीवरून अंतर काढतात. विश्वाच्या प्रसरणामुळे वाटेतल्या प्रकाशाची तरंगलांबी वाढते. ताम्रसृती १ म्हणजे तरंगलांबी दुप्पट. वृत्तपत्रांत ‘१३५० कोटी प्रकाशवर्षे’ छापतात तो प्रकाशाच्या प्रवासाचा काळ होय. अशी दीर्घिका आज सुमारे ३४०० कोटी प्रकाशवर्षांवर गेलेली असते. दोन्ही आकडे खरे असल्याने गोंधळ होतो. म्हणून येथे शक्यतो ताम्रसृतीच दिली आहे.

दृश्य व अवरक्त : मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये ३सी २७३ या क्वेसारची ताम्रसृती ०.१५८ असल्याचे दाखवले, तेव्हा हे अंतर थक्क करणारे होते. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बीण सप्तर्षीतल्या एका रिकाम्या वाटणाऱ्या ठिपक्यावर दहा दिवस रोखली. त्यात सुमारे ३००० दीर्घिका निघाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या, ६.५ मीटर आरशाच्या जेम्स वेब दुर्बिणीने मॉम-झेड१४ ही दीर्घिका टिपली (२०२५, ताम्रसृती १४.४४). महास्फोटानंतर जेमतेम २८ कोटी वर्षांनी ती अशी होती. हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची जंबुपार रेषा तेथून येईपर्यंत १.८८ मायक्रोमीटरची, म्हणजे अवरक्त होते, आणि तिच्याहून आखूड तरंग वाटेतला हायड्रोजन शोषून घेतो. दृश्य प्रकाशाची दुर्बीण कितीही मोठी बांधली तरी तिला ही दीर्घिका दिसणार नाही.

क्ष व गॅमा किरण : जीआरबी ०९०४२३ हा गॅमा स्फोट, २००९; ताम्रसृती सुमारे ८.२.

रेडिओ : सर्वांत जुना प्रकाश रेडिओ खगोलशास्त्रानेच पकडला. पेन्झियस व विल्सन यांनी न्यू जर्सीतील कर्ण्यासारख्या अँटेनावर ऐकलेली न हटणारी खरखर (१९६५) म्हणजे महास्फोटानंतर ३.८ लाख वर्षांनी सुटलेले प्रारण. ताम्रसृती सुमारे ११००. त्यापूर्वीचे विश्व अपारदर्शक असल्याने प्रकाशाला तेथे शिरकाव नाही. तेथपासून २८ कोटी वर्षांपर्यंतचा पट्टा जवळपास कोरा आहे. त्याच्या आरंभीच्या भागात तारेच नव्हते, होता तो उदासीन हायड्रोजन. त्याची २१ सेंमी. रेषा (१४२० मेगाहर्ट्झ) हाच तेथला एकमेव साक्षीदार, म्हणून पोहोचीचा पुढचा टप्पा मीटर तरंगलांबीच्या रेडिओ दुर्बिणींच्या हाती आहे.

या क्षेत्रातील प्रमुख साधन जुन्नर तालुक्यात खोडद येथे आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेल्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी सुमारे एक चौरस किमी.त, उरलेल्या वाय आकाराच्या तीन बाहूंवर; टोकाटोकांतील अंतर सुमारे २५ किमी. तबकडीला पत्रा नाही. तारेच्या दोरांवर ताणलेली बारीक पोलादी जाळी आहे. जाळीची भोके येणाऱ्या तरंगांपेक्षा कितीतरी लहान असल्याने तरंग परततात, वारा मात्र आरपार जातो. सांगाडा हलका व स्वस्त झाला तो यामुळे. डोंगरांचा आडोसा आणि कमी रेडिओ गोंगाट ही जागा निवडण्याची कारणे. 

एका दूरच्या दीर्घिकेचा हायड्रोजन इतका क्षीण असतो की तो गोंगाटात बुडतो. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर व सहकाऱ्यांनी जीएमआरटीवर ७६५३ दीर्घिकांचे संकेत एकावर एक रचून सरासरी रेषा वर काढली (२०२०, ताम्रसृती सुमारे १). यात एकही दीर्घिका स्वतंत्रपणे दिसत नाही, तरी आठशे कोटी वर्षांपूर्वी ताऱ्यांसाठी किती कच्चा माल शिल्लक होता हे प्रथमच मोजले गेले, आणि एका दीर्घिकेच्या विक्रमापेक्षा याचे मोल जास्त आहे. गुरुत्वीय भिंगाच्या साहाय्याने एकाच दीर्घिकेचा संकेत मिळाल्याचेही प्रसिद्ध झाले (२०२३, ताम्रसृती १.२९), अशा एकट्या रेषेला स्वतंत्र दुजोरा लागतो.

पहिल्या ताऱ्यांच्या काळातील हायड्रोजनाची खूण ७८ मेगाहर्ट्झला सापडल्याचा दावा ऑस्ट्रेलियातील एजेस प्रयोगाने २०१८ मध्ये केला. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेने कर्नाटकातील जलाशयांवर तरंगता ठेवलेल्या सारस-३ अँटेनाला ती आढळली नाही (२०२२). प्रश्न अनिर्णित आहे. मोजणी अवघड होण्याचे एक कारण अगदी साधे : ताम्रसृती १२ ते १५ मधील २१ सेंमी. रेषा आपल्यापर्यंत ८८ ते १०८ मेगाहर्ट्झला, म्हणजे नेमकी एफएम केंद्रांच्या पट्ट्यात पोहोचते.

पश्चिम ऑस्ट्रेलियात उभारले जात असलेले एसकेए-लो हे १,३१,०७२ अँटेनांचे जाळे ५० ते ३५० मेगाहर्ट्झमध्ये काम करील. भारत या प्रकल्पाचा भागीदार आहे. ५० मेगाहर्ट्झ म्हणजे ताम्रसृती सुमारे २७, महास्फोटानंतरची साडेअकरा कोटी वर्षे.