दुष्काळाचा कायदा आणि दख्खनची रयत

दुष्काळ म्हटला कीं आम्हां सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें कोरडी विहीर आणि भेगाळलेलें शेत उभें राहतें. पाऊस पडला नाहीं म्हणून पीक बुडालें, पीक बुडालें म्हणून माणसें मेलीं, असा हा सरळ हिशेब आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. परंतु गेल्या दीडशें वर्षांचा दख्खनचा इतिहास चाळला असतां असें दिसतें, कीं पाऊस आणि मृत्यु यांच्यामध्यें आणखी एक गोष्ट उभी असते. ती म्हणजे सरकारचा हुकूम. तो हुकूम कसा बदलला व कोणाच्या धडपडीनें बदलला, हें वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

इ. स. १८७६ सालीं पुणें, अहमदनगर, सोलापूर, सातारा, कलादगी या जिल्ह्यांत पावसानें दगा दिला. मुंबई सरकारचें आरंभींचें धोरण अगदींच वाईट होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. धान्याचा व्यवहार त्यानें व्यापाऱ्यांवर सोपविला, पण मोठमोठीं कामें काढून रयतेच्या हातीं चार पैसे पडतील अशी तजवीज केली. दौंड-मनमाड लोहमार्ग त्याच दिवसांतला. लोकांच्या हातीं पैसा असला म्हणजे आगगाडी धान्य घेऊन येईल, हा त्यांतला विचार. पैसा नसेल तर तीच आगगाडी धान्य बाहेरहि नेते. त्या वर्षांतहि हिंदुस्थानचा गहू विलायतेस जातच होता.

इतक्यांत १८७७ च्या जानेवारींत व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं सर रिचर्ड टेंपल यांस पाहणीसाठीं पाठविलें. याच टेंपलसाहेबांनीं १८७४ सालीं ब्रह्मदेशचा तांदूळ आणवून बंगाल-बिहारचे लोक जगविले होते, आणि त्यापायीं उधळेपणाचा ठपका सोसला होता. दुधानें तोंड पोळलें म्हणजे माणूस ताकहि फुंकून पितो. साहेबांनीं मात्र मजुराच्या भाकरीवरच फुंकर घातली. दीड पौंडाऐवजीं एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा, एवढी पुरुषाची रोजची मजुरी ठरली. एक पौंड म्हणजे पक्का अर्धा शेरहि नव्हे. आणि एवढ्यावर दिवसभर खडी फोडावयाची. शिवाय खरा गरजू कोण हें कळावें म्हणून त्यानें घरदार सोडून दूरच्या कामावर जावें, असाहि आग्रह होता. मद्रासेचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीं एवढ्या अन्नावर कष्टकऱ्याचें शरीर टिकणार नाहीं असें निक्षून सांगितलें, व मद्रास सरकारनें त्याच वर्षीं मजुरी पुन्हां वाढविली.

दख्खनांत पहिलें उत्तर मजुरांनींच दिलें. हजारों लोक कामें सोडून चालते झाले. अक्षर न येणाऱ्या माणसांनीं उपाशीपोटीं केलेला हा संप आमच्या इतिहासग्रंथांत क्वचितच भेटतो. त्यांच्या पाठीशीं उभी राहिली ती पुण्याची सार्वजनिक सभा. गणेश वासुदेव जोशी यांच्या खटपटीनें १८७० सालीं ती स्थापन झाली होती, आणि पुढें न्यायमूर्ति रानड्यांची बुद्धि तिला लाभली. सभेनें जागोजागच्या प्रतिनिधींकडून पाऊस, धान्याचे भाव, कामावरची मजुरी यांची खबर मागविली व ती सरकारपुढें ठेवली. आमच्या मध्यमवर्गानें त्या शतकांत जें जें लिहिलें, त्यांत या रुक्ष पत्रांचें मोल पुष्कळशा कवितांहून अधिक भरेल असें आम्हांस वाटतें. टेंपलसाहेब पुढें त्याच वर्षीं मुंबईचे गव्हर्नर झाले. दुष्काळांत हिंदुस्थानचीं ५० लाखांहून अधिक माणसें गेलीं.

मग कमिशन बसलें. सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील या कमिशनचा अहवाल १८८० सालीं निघाला, आणि त्यावरून १८८३ सालीं दुष्काळसंहिता तयार झाली. टंचाई केव्हां मानावी, कामें केव्हां काढावीं, धान्य महागलें तर मजुरी कशी वाढवावी, अपंगांस फुकट अन्न कसें द्यावें, सारा कधीं तहकूब वा माफ करावा, हें सारें तींत आलें. तगाईचे दोन कायदे १८८३ व १८८४ सालीं झाले.

संहिता झाली खरी, पण तींत आपल्यासाठीं काय आहे हें रयतेस कोण सांगणार? १८९६ सालीं पुन्हां दुष्काळ पडला, तेव्हां टिळकांनीं 'केसरी'तून व सभेच्या प्रतिनिधींनीं गांवोगांव फिरून तीं कलमें मराठींत समजावून दिलीं. पीक बुडालें असेल तर साऱ्याची सूट मागा, कर्ज काढून सारा भरूं नका, एवढेंच त्यांचें सांगणें. सरकारनें प्रतिनिधींवर खटले भरले आणि १८९७ सालीं सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचाच कायदा सरकारच्या रयतेस वाचून दाखविणें हा अपराध ठरला!

संहितेचें काम पीक बुडाल्यावर सुरू होई. पीक बुडूं नये म्हणून कालवे काढले, परंतु ज्वारी वांचविण्याच्या हेतूनें आणलेलें नीरेचें पाणी हळूहळू उंसाकडे वळलें. कोरडवाहू शेतीचें संशोधन सोलापुरास सुरू व्हावयास १९३३ साल उजाडावें लागलें. बांध घाला, तीन वर्षांतून एकदां खोल नांगरा, बीं विरळ पेरा, कोळपण्या वरचेवर करा, अशी त्याची साधी शिकवण होती.

स्वराज्यांतहि १९७२ चा दुष्काळ आलाच. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत सुमारें ५० लाख माणसें खडी फोडीत व बांध घालीत होतीं, आणि परदेशचा तांबडा मिलो खात होतीं. मात्र १८७७ ची कथा पुन्हां घडली नाहीं. वि. स. पागे यांनीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें १९६५ सालीं करून पाहिलेली रोजगार हमी राज्यभर नेली गेली. तिचा कायदा १९७७ सालीं मंजूर होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. काम मागणें हा मजुराचा हक्क ठरला. खर्चासाठीं १९७५ सालीं व्यवसायकर बसला. पगारांतून कापली जाणारी ती लहानशी रक्कम पाहून कुरकुरणाऱ्या आमच्या स्नेह्यांस तिचें मूळ क्वचितच ठाऊक असतें.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें किलोमागें तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये व भरड धान्य १ रुपया असे दर ठरविले. कागदावर सर्वांत स्वस्त ज्वारी-बाजरीच होती; दुकानांत मिळाला तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. मोहोळच्या केंद्रांत मालदांडी ३५-१ ही ज्वारीची जात निवडली गेली, ती आजहि सोलापूरकडच्या काळ्या रानांत रब्बीला पेरतात. त्याच गांवांतील रेशनच्या रांगेंत पिशवी घेऊन उभा राहणारा शेतकरी घरीं नेतो तो मात्र उत्तरेकडचा गहू.