दिल्लीतील सरकारी अभियोक्ते : वेतन ठरविणारा एक, देणारा दुसरा

नवी दिल्ली : दक्षिण दिल्लीतील मुनिरका बसथांब्यावरून १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री एक तरुणी व तिचा मित्र खासगी बसमध्ये चढले. त्यानंतर घडलेल्या सामूहिक बलात्कार व हत्येचा खटला साकेत येथील जलदगती न्यायालयात चालला आणि १३ सप्टेंबर २०१३ रोजी चौघांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. या खटल्यातील विशेष सरकारी अभियोक्ते दयान कृष्णन यांनी त्यासाठी शुल्क घेतले नाही. ही बाब त्यांच्या लौकिकास साजेशीच होती. परंतु साकेत, पतियाळा हाउस वा तीस हजारी न्यायालयांत दररोज उभे राहणारे खटले अशा औदार्यावर चालत नाहीत. ते चालविण्याचा भार दिल्ली सरकारच्या अभियोग संचालनालयातील पगारी अभियोक्त्यांवर असतो.

या अभियोक्त्यांचे वेतन कोणी ठरवावे आणि त्याचा खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न दिल्लीच्या घटनात्मक रचनेमुळे गुंतागुंतीचा झाला आहे. घटनेच्या अनुच्छेद २३९ कक नुसार पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था व जमीन हे विषय दिल्ली विधानसभेच्या कक्षेबाहेर आहेत. त्यामुळे दिल्ली पोलिसांचा खर्च केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अर्थसंकल्पातून भागविला जातो. त्याच पोलिसांनी दाखल केलेले दोषारोपपत्र न्यायालयात सिद्ध करणाऱ्या अभियोक्त्याचा पगार मात्र दिल्ली सरकारच्या तिजोरीतून निघतो. सहायक सरकारी अभियोक्त्यांची निवड केंद्रीय लोकसेवा आयोग करतो व त्यांच्या वेतनश्रेणी केंद्रीय वेतनरचनेशी बांधलेल्या आहेत. उच्च न्यायालयातील अभियोक्त्यांची नियुक्ती तर कायद्यानेच केंद्र सरकारकडे सोपविली आहे.

या विसंगतीचा स्फोट २०१५ च्या अखेरीस झाला. दिल्ली मंत्रिमंडळाने अभियोक्त्यांची वेतनवाढ मंजूर केली होती. तथापि, नायब राज्यपालांच्या संमतीविना या निर्णयाच्या अंमलबजावणीवर स्वाक्षरी करण्यास गृह विभागातील दोन विशेष सचिवांनी नकार दिला. ३० डिसेंबर रोजी राज्य सरकारने त्यांना निलंबित केले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सेवेतील अधिकारी सामूहिक रजेवर गेले आणि केंद्रीय गृह मंत्रालयाने निलंबनाचा आदेश अवैध ठरविला. सम-विषम वाहन योजना सुरू होण्यास तेव्हा जेमतेम एक दिवस उरला होता. साहजिकच राजधानीत चर्चा झाली ती प्रशासकीय पेचाची. ज्यांच्या वेतनासाठी हे सारे घडले, ते अभियोक्ते बातमीच्या तळाशी राहिले.

पुढे अधिकारकक्षेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ जुलै २०१८ व ११ मे २०२३ या दोन्ही निकालांत घटनापीठाने निर्वाचित सरकारच्या बाजूने कौल दिला. परंतु दुसऱ्या निकालानंतर आठवडाभरात केंद्राने वटहुकूम काढला व ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. दरम्यान, २०२० मध्ये ईशान्य दिल्लीतील दंगलीच्या खटल्यांसाठी विशेष अभियोक्ते कोणी नेमावेत, यावरूनही मंत्रिमंडळ व नायब राज्यपाल समोरासमोर आले होते.

अभियोक्त्याचे वेतन ही केवळ आस्थापनेची बाब नाही. खटला मागे घेण्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० ने अभियोक्त्याला दिला आहे, सरकारला नव्हे. हा निर्णय त्याने स्वतंत्र बुद्धीने घ्यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ज्याच्या मर्जीवर वेतन व मुदतवाढ अवलंबून, त्याच्याच इच्छेविरुद्ध मत देणे किती जणांना साधेल, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्राला हा प्रश्न अपरिचित नाही. राज्यातील सहायक अभियोक्ते एकेकाळी पोलीस खात्याच्या नियंत्रणाखाली होते. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्या खात्यापासून वेगळे करून स्वतंत्र संवर्ग निर्माण करण्याचा आदेश दिला. जिल्हा सरकारी वकिलांचे मानधन मात्र आजही विधी अधिकाऱ्यांसाठीच्या १९८४ च्या नियमांच्या चौकटीतले आहे, तर विशेष सरकारी वकिलांचे शुल्क शासन प्रकरणागणिक ठरविते. म्हणजे एकाच न्यायालयाच्या आवारात पगारी, मानधनावरील व शुल्क घेणारे असे तिन्ही प्रकारचे अभियोक्ते आढळतात.

देशपातळीवर २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत अभियोग संचालनालयाची तरतूद आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेच्या कलम २० ने संचालक, उपसंचालक व सहायक संचालक यांच्यात शिक्षेच्या मुदतीनुसार कामाची विभागणी केली. वेतन व निधीबाबत मात्र दोन्ही संहिता मूक आहेत.

तुलनेसाठी त्याच दालनातील न्यायाधीशाकडे पाहता येईल. जिल्हा न्यायपालिकेच्या वेतनासाठी १९९६ मध्ये न्या. शेट्टी आणि २०१७ मध्ये न्या. पी. व्यंकटराम रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय आयोग नेमले गेले व त्यांच्या शिफारशींच्या अंमलबजावणीवर सर्वोच्च न्यायालयाने स्वतः लक्ष ठेवले. अभियोक्त्यांसाठी अशी यंत्रणा नाही. तशी ती उभारायची, तर दिल्लीत केंद्र व दिल्ली सरकार यांच्यातील खर्चाचा वाटाही निश्चित करावा लागेल. पोलिसांवरील खर्च केंद्राकडे असताना अभियोगाचा वाटा त्याने का उचलू नये, हा युक्तिवाद त्या ठिकाणी वजनदार ठरतो.

तूर्त दिल्लीतील अभियोक्त्यांना केंद्रीय वेतनरचनेतील बदलांचीच वाट पाहावी लागते. आठव्या वेतन आयोगाच्या स्थापनेला केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे.