फुल रेंज

नवा फोन घेतला की लोक कॅमेऱ्याबद्दल बोलतात. मला पहिल्या दिवशी जाणवली ती रेंज. निरगुडसरला आमच्या घरी जुना फोन ओट्यावर आणल्याशिवाय लागायचा नाही. नवा माजघरात, जाड भिंतीच्या कोनाड्यात ठेवला तरी ५जी दाखवतो. सेटिंग उघडली तर ब्लूटूथ, वायफाय, लोकेशन, दोन सिम, सगळं एकदम चालू. म्हणजे खिशातली ही वस्तू दिवसभर काही ना काही हवेत पाठवत असते. इतर कुठे राहत असतो तर मी त्याचा विचारही केला नसता. पण आंबेगाव-जुन्नरला विज्ञानाच्या नकाशावर जी जागा मिळाली, ती इथे शांतता होती म्हणून. रेडिओलहरींची शांतता. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवरच्या स्पीकरचा इथे संबंध नाही.

पुणे जिल्ह्याचं हे प्रकरण तसं जुनं आहे. १९२७ साली विलायतेशी बिनतारी तारसेवा सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवणारं केंद्र खडकीला आणि घेणारं दौंडला होतं. ओरडणारा शेजारी असला की ऐकणाऱ्याचं काम होत नाही, म्हणून पाठवणं एकीकडे आणि ऐकणं दुसरीकडे. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नारायणगावजवळ आर्वीला उपग्रहाशी बोलणारं मोठं भू-केंद्र उभं राहिलं. विक्रम साराभाईंच्या नावाने ते ओळखलं जातं. १९७२ साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढलं. मुंबईहून परदेशी लागणारा फोन आपल्या डोंगरांच्या कुशीतून अवकाशात जात होता, आणि त्याच काळात गावात एखादा फोन असणं ही मोठी गोष्ट होती.

मग आलं खोडद. डॉ. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी जागा हवी होती जिथे माणसाने केलेला रेडिओ गोंगाट कमी असेल, डोंगरांचा आडोसा असेल आणि पुणंही हाताशी असेल. १९९० च्या दशकात तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहिल्या. १४ मध्यभागी, उरलेल्या १६ तीन फाट्यांवर, एकूण पसारा सुमारे २५ किलोमीटर. यांच्या रचनेला नाव दिलं होतं ‘स्मार्ट’. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव. अर्थ, तारांच्या दोरखंडांवर ताणून बसवलेली जाळी. भरीव पत्र्याऐवजी बारीक पोलादी तारेची जाळी, म्हणजे वजन कमी, खर्च कमी आणि वारा आरपार. नारायणगावच्या द्राक्षबागेत तारा ताणलेल्या ज्याने पाहिल्यात, त्याला हे लगेच कळेल. ‘स्मार्ट’ हा शब्द आपल्या शिवारात फोनच्या आधी आला, याची मला उगाच मजा वाटते.

गंमत अशी की या अँटेना उभ्या राहत होत्या त्याच सुमाराला, ३१ जुलै १९९५ रोजी, भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला. दुर्बिणीचा आराखडा झाला तेव्हा देशात मोबाइल नव्हता. ती बांधून होते न होते तोच ज्या शांततेसाठी एवढी शोधाशोध केली, ती संपायला लागली.

किती संपली, याचा एक हिशोब सांगतो. दूरच्या आकाशगंगेतून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की साधा मोबाइल चंद्रावर नेऊन चालू केला, तर आकाशातल्या सर्वांत ठळक रेडिओ स्रोतांत त्याची गणना करावी लागेल. चंद्रावरचा! आणि आपले फोन अँटेनांच्या बांधाला आहेत. सुधारित दुर्बीण चार पट्ट्यांत ऐकते: १२५ ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ. मोबाइलचा जुना ९०० चा पट्टा मधल्या फटीत पडतो. पण २०२२ च्या लिलावात ५जीसाठी विकला गेलेला ७०० चा पट्टा थेट तिसऱ्यात बसतो. शिवाय रेंज कमी असली की फोन गप्प राहत नाही, टॉवरपर्यंत पोचायला उलट जास्त ताकदीने ओरडतो. जुना फोन बिचारा ओट्यावर बसून तेच करत असणार.

ऐकण्याचं मोल काय, ते १९ ऑक्टोबर २०१६ ला दिसलं. युरोपचं स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण सिग्नल खोडदने थेट पकडला आणि उतरण्याच्या थोडं आधी तो तुटला. यान कोसळलं होतं.

हे सगळं अभिमानाचं आहेच, पण त्याची किंमत इथलीच माणसं देतात, हेही लिहायला हवं. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मंचर-नारायणगावकडून जाणारा मार्ग दुर्बिणीच्या कारणावरून अडला आणि दुसऱ्या मार्गांची चर्चा सुरू झाली. चाकणपर्यंत कारखाने, आणि आमच्याकडे यायचं म्हटलं की खोडद आडवं येतं, ही तक्रार चहाच्या टपरीवर कायम ऐकू येते. मला दुर्बीण हवी आहे. पण ती हवी असं म्हणणाऱ्याने रेल्वे मागणाऱ्याला अडाणी ठरवू नये. गोंगाट कुठून येतो, किती येतो, काय करून कमी होतो, हे खोडदच्या शास्त्रज्ञांना मोजता येतं. ते मराठीत, गावोगाव, पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं पाहिजे. राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला शाळांची जत्रा भरते, तेव्हा हे थोडंफार होतं. अँटेनाजवळ फोन बंद ठेवायला सांगतात आणि पोरं निमूट ठेवतात.

निरगुडसरला मात्र फोन बंद ठेवा असं कुणाला सांगणार? शेतीची वीज रात्रीची असते. ऊस डोक्याच्या वर गेलेला आणि त्यात बिबट्या. मोटार चालू करायला निघालेल्या माणसाला घरातून दोनच प्रश्न विचारतात: बॅटरी घेतली का, आणि फोनला रेंज आहे का.