बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर स्नायू व ताकद टिकवण्यासाठीचा व्यायामक्रम. वजन झपाट्याने उतरताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात. पुरुषांत ही झीज विशेष जाणवते. सुरुवातीपासून थोडे थोडे चालणे, साधारण ४ ते ६ आठवडे जड वजन उचलणे वर्ज्य, पुढे आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, २ दिवस ताकदीचा व्यायाम आणि रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने, असा सर्वसाधारण क्रम असतो. लहान झालेल्या जठरात पाणी एकदम मावत नाही. त्यामुळे अकोला-अमरावतीच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात पहाटेच चालावे, पाणी घोटघोट प्यावे. अमरावतीत १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे आखाड्याची परंपरा रुजली. मात्र जोर-बैठका, कुस्ती, मल्लखांब यांना शल्यविशारदाच्या परवानगीनंतरच हात घालावा.