भाग ३७ : कठड्याला रंग कधी द्यायचा?

आजचा भाग एका कठड्याबद्दल आहे. आमच्या घराच्या पुढच्या व्हरांड्याचा लाकडी कठडा. घर मॅसॅच्युसेट्समधलं, १९२६ साली बांधलेलं, आम्ही विकत घेतलेलं.

आपल्याकडे घराला रंग काढायचा तो दिवाळीच्या आधी. पाऊस सरला, भिंती सुकल्या, की चुन्यात चिमूटभर निळ घालून सुरू. चुन्याला थोडी ओल लागतेच, त्यामुळे रात्री दव पडलं म्हणून आजोबा कधी घाबरले नाहीत. इथे हिवाळा संपताना लोक ब्रश घेऊन बाहेर पडतात. मागच्या एप्रिलमध्ये मीही पडलो. रविवार होता, छान ऊन, १४ अंश. जुने पापुद्रे पॉलिशपेपरने खसाखसा घासले, दुकानातून आणलेला पाण्यातला ॲक्रिलिक रंग दिला, संध्याकाळी चहा घेत बसलो. रात्री पारा २ अंशांवर गेला. सकाळी बघतो तर कठड्यावर चिकट तपकिरी ओघळ. पुढच्या महिन्याभरात रंग बोटाने सुटायला लागला.

असं का झालं ते शोधताना मी या इतिहासात शिरलो. शिरलो आणि हादरलो.

आजचा रंग आणि १९२६ चा रंग हे दोन वेगळेच पदार्थ आहेत. आजच्या रंगात प्लास्टिकचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की कण जवळ येतात, मऊ होऊन एकमेकांत मुरतात आणि सलग पडदा तयार होतो. गारठ्यात ते कडकच राहतात, मुरत नाहीत. पाणी उडून जातं, मागे राहते ती नुसती दाटीवाटी. वरून दव पडलं तर रंगातला साबणासारखा भाग बाहेर येऊन ओघळतो. म्हणून डब्यावर बहुधा १० अंशांची अट असते. हल्ली २ अंशांपर्यंत चालणारे रंगही मिळतात, पण ते मला तेव्हा कुठे माहीत!

जुना रंग मात्र अळशीच्या तेलातला. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. थंडीत वेळ जास्त लागतो, पण काम होतं. एप्रिलच्या गारव्यात रंगारी बिनधास्त शिडी लावायचे ते त्यामुळे. आणि त्या तेलात पांढरेपणासाठी घोटलेला असायचा सफेता. म्हणजे शिसं.

सफेता करायची डच पद्धत ऐका. मातीच्या भांड्यात तळाशी व्हिनेगर, वर शिशाच्या पट्ट्या. अशी भांडी घोड्याच्या लिदीत थरावर थर रचून पुरून ठेवायची. लिदीची ऊब, तिच्यातून निघणारा वायू आणि व्हिनेगरची वाफ, तिन्ही मिळून महिना-दोन महिन्यांत, कधी तीन महिन्यांत, शिशाची पांढरी पूड होते. ती पूड लाकडाला अशी धरायची की दुसरं काही तिच्या जवळ यायचं नाही. तिचा आणखी एक गुण रंगारी वाखाणत. उन्हाने वरचा थर हळूहळू भुकटी होऊन झडतो, पावसात धुऊन जातो, घर पुन्हा पांढरं दिसतं. खरवडायची फारशी गरज नाही, वरून नवा हात मारा.

ती झडणारी भुकटी कुठे जाते, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमधल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरने विचारला. लॉकहार्ट गिब्सन. क्वीन्सलँडची घरं लाकडी, पुढे व्हरांडा, व्हरांड्याला कठडा, अगदी आमच्यासारखाच. तिथली मुलं शिशाच्या विषबाधेने आजारी पडत होती, काहींची नजर जात होती. पाणी, भांडी, सगळं तपासून झालं होतं. १९०४ मध्ये गिब्सनने लिहिलं की दोष रंगवलेल्या कठड्यांचा आणि भिंतींचा आहे. मुलं कठडा धरून खेळतात, भुकटी हाताला लागते, मग अंगठा तोंडात. १९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी घराबाहेर शिशाचा रंग द्यायला कायद्याने मनाई केली.

म्हणजे रंगाचा जो गुण वाखाणला जात होता, तोच मुलांच्या पोटात जात होता.

आता गंमत बघा, गंमत म्हणवत नाही खरं तर. १९२१ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेत्याबद्दल करार केला. बंदी घातली ती इमारतींच्या आतल्या रंगकामावर. बाहेरची बाजू सुटली. अमेरिकेत तर आतबाहेर दोन्हीकडे तो चालूच राहिला. नॅशनल लेड कंपनी आपल्या 'डच बॉय' या छाप्याखाली तो विकत होती आणि जाहिरातीत चेहरा होता एका गोंडस मुलाचा. पांढरेपणासाठी टायटॅनियम आलं, १९५० च्या दशकात पाण्यातले ॲक्रिलिक रंग आले, तरी घरगुती रंगातल्या शिशावर देशभर बंदी यायला १९७८ उजाडलं. गिब्सननंतर ७४ वर्षं! आपणही फार नाक वर करायला नको. भारतात घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम २०१६ चा आहे, आणि तो लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात.

तर मी त्या रविवारी कोरडं घासलं होतं ते हे. माझी लेक तेव्हा पावणेदोन वर्षांची होती, पायऱ्यांवर बसून खडूने रेघोट्या मारत होती. या राज्यात लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासावंच लागतं. जूनमध्ये तिचा आकडा आला ६. इथे ३.५ च्या वर गेलं की डॉक्टर लक्ष घालतात. फोनवर नर्सने पहिलाच प्रश्न विचारला, "घर १९७८ च्या आधीचं आहे का? इतक्यात काही घासलंत का?" मी बायकोकडे बघितलं. ती काही बोलली नाही.

मग परवानाधारक माणसं बोलावली. त्यांनी प्लास्टिक अंथरून, लाकूड ओलं करून थर काढले, अंगणातली वरची माती उचलली. मोजले तर कठड्यावर सात थर निघाले. खालचे सगळे पांढरे, मग एक हिरवा, मग माझा. ऑक्टोबरमध्ये लेकीचा आकडा ४ वर आला.

कठड्याला आता प्रायमर लावलेला आहे, वरचा रंग बाकी आहे. डबा आणून ठेवलाय, थर्मामीटर व्हरांड्यात टांगलाय. दुपारी १५ अंश दिसतं आणि हात शिवशिवतात. काल रात्री ३ होतं. लेकीची पुढची तपासणी मे महिन्यात आहे.