रायल्सची नळी

व्हेंटिलेटरवरच्या माणसाचे नातेवाईक आयसीयूच्या दाराशी सिस्टरला हटकून विचारतात, "पोटात काही गेलं का?" उत्तर येतं, "आरटी फीड चालू आहे." आरटी म्हणजे रायल्स ट्यूब, नाकातून थेट जठरात उतरवलेली बारीक नळी. गंमत अशी, की ज्यांचं नाव तिला लागलं त्या जॉन रायल यांनी ती कुणाला भरवण्यासाठी केलीच नव्हती. त्यांना पोटातून काढायचं होतं, घालायचं नव्हतं.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलातले हे डॉक्टर १९२१च्या सुमारास जठररसाची तपासणी करत. रुग्णाला ओटची पेज द्यायची आणि दर पंधरा मिनिटांनी थोडा रस ओढून त्यातलं आम्ल मोजायचं. हे तास-दोन तास चाले. तेवढा वेळ जाड नळी घशात कोण सोसणार? म्हणून ही बारीक रबरी नळी. खाली सरकावी म्हणून टोकाला वजन. आजच्या प्लास्टिकच्या नळीतही टोकाला धातूच्या गोळ्या असतात. त्याच सुमारास न्यू ऑर्लीन्सच्या लेव्हिन यांनी आपली नळी मांडली. अमेरिकेत त्यांचं नाव टिकलं, आपल्याकडे रायल यांचं. जॉन यांचे भाऊ गिल्बर्ट नामांकित तत्त्वज्ञ, मुलगा मार्टिन १९७४चा भौतिकशास्त्राचा नोबेलविजेता. पण आपल्या इस्पितळांत चालतं ते जॉन यांचंच नाव.

नळीने भरवणं मात्र त्याहून जुनं. गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णाला जॉन हंटर यांनी १७९०च्या सुमारास ईल माशाच्या कातडीच्या नळीतून अंडी, दूध, साखर, वाइन दिली, आणि तो बरा झाला. त्यानंतर नव्वद वर्षांनी अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना डॉक्टर गुदमार्गाने मांसरस आणि व्हिस्की देत होते. मोठ्या आतड्यातून असलं अन्न अंगी लागत नाही. शहाणपण सरळ रेषेत पुढे जात नाही, ते असं.

या नळीच्या कुळात एक काळी शाखाही आहे: उपोषणाला बसलेल्या कैद्यांना बळजबरीने भरवण्याची. १९२९मध्ये लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतीन दास यांच्यावर अशी बळजबरी झाली. नळीतलं दूध फुप्फुसात गेल्याचं सांगितलं जातं; उपोषणाच्या ६३व्या दिवशी ते गेले. नळी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरू शकते, हा धोका आजही तितकाच खरा. म्हणूनच नळी घातल्यावर, विशेषतः बेशुद्ध रुग्णात, पहिलं फीड देण्याआधी एक्स-रे काढून ती जागेवर असल्याची खात्री करतात.

आता परत आयसीयूकडे. १९५२च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनला डॉक्टर ब्यॉर्न इब्सेन यांनी लुळ्या पडलेल्या रुग्णांचा श्वास हाताने पिशवी दाबून आठवडेच्या आठवडे चालू ठेवला. माणसं जगू लागली, तसा त्यांच्या पोटाचा प्रश्नही लांबला. साठच्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात स्टॅन्ली डड्रिक यांनी सगळं पोषण शिरेतून देऊन आधी बीगल कुत्र्याची पिल्लं वाढवली, मग माणसं जगवली. मग हात सैल सुटला. भरपूर कॅलरी द्यायची हौसच आली. साखर चढली, यकृतं सुजली, शिरेतल्या नळीतून जंतुसंसर्ग झाले.

आता उलटं वारं आहे. आतडं चालत असेल आणि रक्तदाब सावरला असेल, तर २४ ते ४८ तासांत नळीनेच, थोडंथोडं सुरू करायचं. पहिल्या आठवड्यात पूर्ण कॅलरींचा हट्ट नाही. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. शिरेतून पोषण, ते नळीने भागत नसेल तरच.